खुलताबादची एक कबर

शाळेच्या पुस्तकात पहिला निजाम भेटला तो १७२८ साली पालखेडला बाजीरावांनी कोंडीत पकडलेला, एवढीच ओळख! घरी मात्र ‘निजाम’ म्हटले की आजोबांना रझाकारच आठवतात. परवा त्यांना घेऊन खुलताबादला गेलो. दिल्लीची वजिरी सोडून दक्षिणेत आलेला, १७२४ साली साखरखेर्ड्याची लढाई जिंकून स्वतःचे राज्य थाटणारा हा धूर्त मुत्सद्दी १७४८ साली बुऱ्हाणपुरास वारला. कबर मात्र इथल्या दर्ग्यात. मी चपला काढून आत गेलो. आजोबा बाहेरच थांबले. परतताना त्यांनी विचारले, “मग यांचं राज्य एकूण किती वर्षं रे?”

१९४८ वजा १७२४. “दोनशे चोवीस, आजोबा.”

“त्यातली शेवटची आठ मी पाहिली,” म्हणाले आणि एसटीच्या खिडकीबाहेर पाहू लागले.