तांबडी शाई

दुसऱ्याच्या इंग्रजींतील चुका काढण्याची खोड आम्हांस तरुणपणीं जडली. नुकतेच कॉलेजांत गेलों होतों. अपॉस्ट्रॉफी कोठें द्यावी, स्वल्पविराम कोठें गाळावा, हें ज्ञान नवें असल्यामुळें तें मिरविण्याची हौसही मोठी होती. त्याच सुमारास आमच्या मामांचें वडिलांस पत्र आलें. मामा कचेरींत कारकून; जन्मभर इंग्रजी खर्डे लिहिण्याची संवय. शेताच्या उताऱ्यासंबंधींच्या त्या पत्राच्या शेवटीं त्यांनीं 'काइंडली डू द नीडफुल' असें लिहिलें होतें. हें 'बाबू इंग्लिश' होय, असा निकाल देऊन आम्ही त्या पत्रावर तांबड्या शाईनें सहा ठिकाणीं खुणा केल्या आणि घरांतील सर्वांस तें मोठ्यानें वाचून दाखविलें. पुढें मामा घरीं आले असतां तें पत्र त्यांच्या दृष्टीस पडलें. ते कांहींच बोलले नाहींत. मात्र त्यानंतर त्यांचीं सर्व पत्रें मराठींत येऊं लागलीं.

कालांतरानें या विषयाचें थोडें वाचन घडलें आणि आमचा ताठा उतरला. ज्या वाक्प्रचारास आम्ही हंसलों, तो कोणा बाबूनें रचिलेला नव्हता. खुद्द इंग्रज आपल्या व्यवहाराच्या पत्रांत तो वापरीत असत. त्यांनीं तो टाकिला, आपण जपून ठेविला, इतकेंच. 'त्याचें' या अर्थाच्या 'इट्स' या शब्दांत मामांनीं अपॉस्ट्रॉफी दिली म्हणून आम्ही खूण केली होती. सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रज लेखक त्याच अर्थीं ती सर्रास देत असत. आज जगाच्या तोंडीं बसलेला 'ओके' तर अशुद्धाच्याच पोटीं जन्मला. 'ऑल करेक्ट' हे शब्द मुद्दाम चुकीचे लिहून त्यांचीं आद्याक्षरें घेण्याची थट्टा बोस्टनच्या एका वृत्तपत्रांत १८३९ सालीं छापली गेली, तिचेंच हें अपत्य.

म्हणून नियम व्यर्थ आहेत, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. अमेरिकेंतील मेन राज्याच्या एका कायद्यांत, कोणत्या कामांस जादा वेळेचें वाढीव वेतन मिळणार नाहीं, त्यांची यादी होती. तिच्या शेवटीं 'पाठवणी किंवा वाटपासाठीं बांधणी' अशा अर्थाचे शब्द होते. 'किंवा'पूर्वीं स्वल्पविराम नव्हता. मग वाटप हें वेगळें काम, कीं त्यासाठीं केलेली बांधणी तेवढीच वगळलेली? दूध पोंचविणारे मोटारचालक बांधणी करीत नसत. २०१७ सालीं अपील-न्यायालयानें ही संदिग्धता त्यांच्या बाजूनें सोडविली आणि २०१८ सालीं पन्नास लक्ष डॉलरांवर तडजोड झाली. येथें एका चिन्हावर कष्टकऱ्यांचा घाम अवलंबून होता.

म्हणून अमुक प्रयोग शुद्ध कीं अशुद्ध, असें कोणी विचारिलें, कीं आम्ही प्रथम विचारितों, 'लिहिणाराचा अर्थ आपणांस कळला ना? त्यांत कोणाचें नुकसान तर होत नाहीं ना?' मामांचा अर्थ वडिलांस पहिल्याच वाचनांत कळला होता. दुसऱ्या दिवशीं तलाठ्याकडे जाऊन त्यांनीं तें काम करून टाकिलें. मामा आतां नाहींत. त्यांचीं मराठी पत्रें आमच्यापाशीं आहेत. त्यांतील एकांतही त्या प्रसंगाचा उल्लेख नाहीं. क्षमा मागावयाची मात्र आमच्याकडून राहून गेली.