माजघरातला प्रिंटर

युनिक्स जातीच्या संगणकावर एखादी फाइल छापायची असेल तर दोन अक्षरं पुरतात: एलपी. पुढे फाइलचं नाव, मग एंटर. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिते आहे, संगणकापुढे बसाल तेव्हा रोमनमध्ये, लहान अक्षरांत टंकायच्या.) एल म्हणजे लाइन आणि पी म्हणजे प्रिंटर. आख्खी ओळ एका दमात कागदावर ठोकणारी ती कपाटाएवढी धूडं आता बघायलाही मिळत नाहीत, पण आज्ञेत त्यांचं नाव राहून गेलंय.

खरं तर युनिक्स आणि कागद यांचं नातं जन्मापासूनचं. 1969 साली बेल लॅब्जमध्ये ही प्रणाली सुरू झाली तेव्हा तिच्यासाठी धड यंत्रही नव्हतं. पुढे पीडीपी-11 हा संगणक मिळवताना वरिष्ठांना कारण सांगितलं गेलं ते मजकूर सिद्ध करण्याचं, आणि 1971मध्ये तिथल्या पेटंट विभागाचे टायपिस्ट त्यावर अर्ज तयार करू लागले. त्या काळी पडदेही फारसे नव्हते. टर्मिनल म्हणजे टेलिटाइप, म्हणजे टाइपरायटरसारखं कागदावर खडखडणारं यंत्र. संगणक जे काही बोलायचा ते कागदावरच. आजही प्रोग्रॅमिंग शिकणारी मुलं पडद्यावर अक्षरं आणायला 'प्रिंट' म्हणतात, त्यातला कागद कधीच गळून पडलाय.

त्याच जुन्या काळातली पीआर नावाची आज्ञा अजून आहे. ती मजकुराची पानं पाडते, वर तारीख, फाइलचं नाव आणि पानाचा क्रमांक घालते. पान 66 ओळींचं धरते, कारण अमेरिकेतला कागद 11 इंच उंच आणि इंचाला 6 ओळी. आपला ए-4 त्याहून थोडा उंच, त्यामुळे हिशेब जरा चुकतो. अशा अनेक ठिकाणी कळतं की हे घर दुसऱ्या कुणाच्या मापाने बांधलेलं आहे.

पुढे युनिक्सची वाटणी झाली तशी छपाईचीही झाली. बर्कलीवाल्यांची एलपीआर, सिस्टिम फाइव्हवाल्यांची एलपी. एकाच घरातल्या दोन जावा. दोघींचं काम तेच, पण डबे वेगळे. प्रिंटरचं नाव सांगायचं तर एकीला मोठा पी लागतो, दुसरीला लहान डी. रांग बघायची तर एकीकडे एलपीक्यू, दुसरीकडे एलपीस्टॅट. दिलेलं काम रद्द करायचं तर इकडे एलपीआरएम, तिकडे सरळ कॅन्सल. 1999मध्ये मायकेल स्वीट यांची कप्स ही छपाईप्रणाली आली आणि तिने दोन्ही जावांना एकाच स्वयंपाकघरात आणलं. ॲपलने ती मॅकमध्ये घेतली, लिनक्सवर तर ती आहेच. आज मॅक किंवा लिनक्सवर तुम्ही माउसने छपाईचं बटण दाबता तेव्हाही मागे बहुधा तीच राबत असते.

मग बटण असताना आज्ञा कशाला टंकायची, असं कुणीही विचारेल. माझ्या बाबतीत उत्तर सोपं आहे: माझा प्रिंटर मिरजेत आहे आणि मी बंगळुरात.

अण्णांची नजर सहा वर्षांपूर्वी मधूनच जायला लागली. मधूनच म्हणजे अगदी मध्यातून. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, कडेचं दिसत राहतं. समोरच्या माणसाचे खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. वर्तमानपत्र सुटलं. फोनचा पडदा त्यांना झगझगतो. मोठी अक्षरं केली तरी बोट लागून पान सरकतं आणि ओळ हरवते. मात्र कागदावरचं ठळक, मोठं अक्षर, खिडकीपाशी बसून, मान थोडी तिरकी करून ते वाचू शकतात. ऐकायला आवडत नाही. 'कुणीतरी वाचून दाखवलेलं म्हणजे कुणीतरी चावून दिलेलं,' असं म्हणतात. चौतीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस, त्याला अक्षर डोळ्यानेच लागतं.

म्हणून माजघरात एक साधा लेझर प्रिंटर ठेवला, आणि त्याला काड्यापेटीहून जरा मोठा असा रास्पबेरी पाय जोडला. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. बंगळुरातून त्याच्याशी बोलायचं तर आज्ञाच टंकायला हव्यात. रात्री मी एक पान लिहून तिकडे पाठवते. सकाळी सात वाजता क्रॉन नावाचा घड्याळजी ते एलपीच्या हवाली करतो. अण्णा चहा ठेवताना प्रिंटरचा खटका दाबतात, आणि आधण येईपर्यंत पान बाहेर आलेलं असतं.

मराठी छापणं मात्र एवढं सरळ नाही. साध्या मजकुराचं पोस्टस्क्रिप्ट करून देणारी एन्स्क्रिप्टसारखी जुनी साधनं एका बाइटला एक अक्षर समजतात. युनिकोडच्या प्रचलित मांडणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. मग एका 'क'च्या जागी तीन खुणा येतात: तिरका फटकारा डोक्यावर घेतलेला रोमन ए, मग चार शिंगांचं चलनचिन्ह, आणि तिसरं काहीतरी. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त यांच्या वाट्याला चलनचिन्हाऐवजी जपानी येनचं चिन्ह येतं. पानभर मराठी दिली की पानभर येन! अशा एका पानावर अण्णांनी बोट फिरवून फोन केला होता, 'अगं, हे कुठल्या देशाचं जमाखर्चाचं पान पाठवलंस?'

बाइट नीट ओळखले म्हणजे झालं असंही नाही. ऱ्हस्व वेलांटी संगणकात व्यंजनानंतर साठवलेली असते, पण कागदावर ती आधी यावी लागते. 'प्र'मधला र आडवा होऊन पायाशी जायला हवा, 'र्क'मधला उडी मारून डोक्यावर. ही अक्षरांची उठबस सांभाळणारं वेगळं यंत्र लागतं. पँगो नावाच्या संग्रहात ते आहे, आणि पॅप्स नावाची छोटी आज्ञा पँगो वापरून छपाईसाठी पान बनवते. पॅप्सला टंकाचं नाव आणि आकार सांगायचा, मध्ये एक उभी रेघ द्यायची, रेघेपलीकडे एलपी. लोहित देवनागरी, 28 पॉइंट. पानावर 18 ओळी बसतात, जेमतेम 90 शब्द.

पहिलं नीट पान निघालं तेव्हा अण्णांनी ते बराच वेळ पाहिलं, असं काकू म्हणाल्या (शेजारच्या काकूंकडे आमच्या घराची दुसरी किल्ली असते). मग फोनवर मला म्हणाले, 'जोडाक्षरं बरी आहेत. शब्दांत अंतर जरा जास्त पडतंय. आम्ही असं जुळवलं असतं तर मालकांनी फाँट अंगावर ओतला असता.'

नव्वद शब्दांत काय लिहायचं हा रोजचा प्रश्न. पावसाचं लिहिते, क्रिकेटचं लिहिते, ऑफिसातल्या कँटीनमध्ये सांबार गोड असतं हे तर चारदा लिहून झालंय. फोनवर आम्ही दोघंही फार बोलणारे नाही. 'जेवलास का, जेवलीस का' झालं की दोन्हीकडे शांतता. पानावर मात्र मी त्यांना आईबद्दल विचारलं, छापखाना बंद झाला त्या वर्षाबद्दल विचारलं. उत्तरं दुपारच्या फोनवर येतात, तुटक, पण येतात.

आणि रांग. एलपीस्टॅट विचारलं की रांग दिसते. सात वाजता काम लागतं, प्रिंटर बंद असेल तर शेजारी इंग्रजीत एक ओळ येते: प्रिंटर उपलब्ध होण्याची वाट पाहत आहे. सव्वासातच्या सुमाराला ती ओळ जाते आणि काम झालेल्यांच्या यादीत वेळेसकट जाऊन बसतं. म्हणजे अण्णा उठले, चहा ठेवला. एमआयटीत रिचर्ड स्टॉलमनने प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये भर घातली होती ती असल्याच गरजेपोटी: कागद अडकला की वाट बघणाऱ्यांना आपोआप निरोप जावा. 1980च्या आसपास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, त्याचा मूळ कोड मिळेना, निरोप बंद पडले. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची कथा सांगताना तो हा प्रसंग सांगत आला आहे. लोक ती तत्त्वाची गोष्ट म्हणून ऐकतात. मला त्यात दुसऱ्या खोलीतल्या यंत्राचं काय चाललंय हे न कळणारी माणसं दिसतात.

गेल्या फेब्रुवारीत एका मंगळवारी साडेआठ झाले तरी ती ओळ जाईना. वीज गेली म्हणावं तर पाय उत्तर देत होता. अण्णा फोन उचलत नव्हते. काकूंना फोन केला, त्या किल्ली घेऊन गेल्या. अण्णा न्हाणीघराच्या दाराशी बसलेले होते, चक्कर येऊन पडले होते, बोलत होते पण उठता येत नव्हतं. मी दुपारच्या विमानाने निघाले. पाच दिवस दवाखान्यात गेले. माकडहाडाला मार होता, मोडलं काही नव्हतं.

त्या पाच दिवसांत मी लिहायचं थांबवलं नाही. दवाखान्यातल्या बाकावर बसून फोनवरून पान पाठवत होते, आणि क्रॉन रोज सातला ते रांगेत लावत होता. अण्णा तीन फुटांवर झोपलेले, आणि मी त्यांना पत्र लिहिते आहे, हे नर्सला सांगितलं असतं तर तिने माझाही रक्तदाब मोजला असता. दोनदा वाटलं की कॅन्सल म्हणून सगळी कामं काढून टाकावीत, शिळी पानं कोण वाचणार. नाही काढली. रविवारी घरी आणल्यावर त्यांनी आधी माजघरात जाऊन भिंतीच्या आधाराने खटका दाबला. मंगळवारपासूनची सहा पानं क्रमाने बाहेर आली. त्यांनी ती क्रमानेच वाचली, दोन दिवस लागले. शुक्रवारच्या पानाबद्दल म्हणाले, 'हे तू तिथेच बोलली असतीस तरी चाललं असतं.' मी म्हटलं, हो.

आता आकार 36 पॉइंट आहे. पानावर 14 ओळी. ठळक टंक वापरते, उकार आणि अनुस्वार तेवढ्यानेच लागतात. काल म्हणाले, अनुस्वार पुसट येतोय, डावीकडे एक फिकट पट्टा दिसतोय. टोनर संपत आलाय. नवा मागवलाय, गुरुवारी पोचेल. तोवर जुनाच काढून हलवून बसवायला काकूंच्या मुलाला सांगितलंय.