विच, दॅट आणि मधला स्वल्पविराम

इंग्रजी मजकूर तपासणाऱ्यांच्या हातून एक दुरुस्ती सवयीने होते. स्वल्पविरामाशिवाय आलेलं 'विच' दिसलं की ते खोडायचं आणि तिथे 'दॅट' लिहायचं. त्यामागचा नियम सांगायला सोपा आहे. नेमकी कोणती वस्तू ते ओळखू देणारं उपवाक्य असेल तर 'दॅट'. वस्तू कोणती हे आधीच कळलेलं असून तिच्याबद्दल जादा माहिती द्यायची असेल तर स्वल्पविराम आणि 'विच'. मी हेच काम करतो, आणि माझ्या मते या नियमाचा उत्तरार्ध खरा आहे. पूर्वार्ध ही कुणीतरी केलेली सूचना आहे. उपवाक्य ओळख पटवतं आहे की माहिती पुरवतं आहे, हे वाचकाला सांगण्याचं काम इंग्रजीत स्वल्पविराम करतो. ते सर्वनामावर सोपवलं की तपासणाऱ्याची नजर भलत्या जागी अडकते आणि अर्थ हातचा जातो.

एक साधं वाक्य घेऊ: 'द पंप विच वॉज रिपेअर्ड लास्ट वीक हॅज स्टॉप्ड.' सोसायटीत पंप एकच असेल आणि तो गेल्या आठवड्यात दुरुस्त केला होता एवढंच जाता जाता सांगायचं असेल, तर उपवाक्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवा. पंप तीन असतील आणि त्यांतला दुरुस्त केलेला बंद पडला असेल, तर एकही नको. पंप किती आहेत हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, संगणकाला नसतं. मायक्रोसॉफ्ट वर्ड अशा 'विच'खाली रेघ ओढतं आणि 'दॅट' करा किंवा आधी स्वल्पविराम द्या, असे पर्याय पुढे करतं. घाईतला माणूस 'दॅट'वर बोट ठेवतो, रेघ जाते, वाक्य नीटनेटकं दिसतं आणि एका पंपाचे अनेक पंप होतात. पत्र वाचणारा कंत्राटदार मग 'बाकीचे पंप चालू आहेत ना?' असं विचारतो, आणि त्याचं वाचन बिनचूक असतं. मूळ वाक्यात खरी त्रुटी दोन स्वल्पविरामांची होती. ती शोधण्याऐवजी आपण सर्वनाम बदललं.

हा नियम भाषेत मुरलेला असता तर जुन्या चांगल्या लेखकांत तो सापडायला हवा होता. तसं दिसत नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात 'विच' ओळख पटवण्यासाठी सर्रास येतं. एवढंच काय, येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत ते देवासाठीही येतं. १७११ मध्ये रिचर्ड स्टीलने 'स्पेक्टेटर'मध्ये 'हू' आणि 'विच' यांच्या नावाने एक अर्ज लिहिला. 'दॅट'ने आमची जागा बळकावली, अशी तक्रार त्यात आहे. इतिहास उलटा आहे: संबंध जोडणारं 'दॅट' त्या दोघांच्या आधीचं; 'हू' आणि 'विच' हे मुळात प्रश्नार्थक शब्द, या कामाला नंतर लागले. आपण पाळतो त्या वाटणीचा गाजलेला पुरस्कार हेन्‍री फाउलर यांचा. १९०६ मध्ये भावाबरोबर लिहिलेल्या पुस्तकात आणि मग १९२६ च्या आपल्या कोशात त्यांनी ती मांडली. पण लेखकांनी ती मान्य केली तर भाषेला फायदा होईल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बहुतेक लेखक, त्यांतले उत्तम लेखकसुद्धा, तसं लिहीत नाहीत हे त्यांनी मोकळेपणाने नोंदवलं आहे. अमेरिकेत विल्यम स्ट्रंक यांच्या १९१८ च्या पुस्तिकेत हा नियम नाही, ई. बी. व्हाइट यांच्या १९५९ च्या आवृत्तीत तो आहे. रूझवेल्ट यांनी ८ डिसेंबर १९४१ ला अमेरिकी काँग्रेससमोर केलेल्या भाषणाच्या पहिल्याच वाक्यात आदल्या दिवसाच्या तारखेला 'विच' जोडलं आहे. मसुद्यावर त्यांनी त्याच वाक्यातले शब्द हाताने बदलले, 'विच' ठेवलं. त्या वाक्याचा अर्थ समजायला कुणालाही अडचण आली नाही.

मग निवड कशी करायची? 'दॅट'चा स्वभाव कळला की बरंचसं उलगडतं. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ च्या बृहद्‌व्याकरणात 'दॅट'ला संबंधी सर्वनाम मानलेलंच नाही. ते नुसतं वाक्यं सांधणारं अव्यय आहे, अशी त्यांची भूमिका आहे. मला ती पटते. त्याच्याआधी 'इन' किंवा 'ऑफ' लावता येत नाही, त्याला षष्ठीचं रूप नाही. म्हणून 'इन विच' म्हणावं लागतं आणि वस्तूंनाही 'हूज' लावावं लागतं, त्यात गैर काही नाही. संपूर्ण वाक्याकडे बोट दाखवायचं असेल तर 'विच'च: 'ही रिझाइन्ड, विच सरप्राइझ्ड एव्हरीवन.' 'ऑल', 'ओन्ली', 'एव्हरीथिंग' यांच्यानंतर मात्र 'दॅट' सहज बसतं. शेजारी दुसरं 'दॅट' आधीच असेल तर कानाला 'विच' बरं वाटतं. माणसांना 'दॅट' लावणं असभ्य, ही समजूत निराधार आहे, पण 'हू' बहुधा अधिक जवळचं वाटतं. हे सगळे निर्णय कानाचे आहेत.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. नियम नवा का असेना, स्वल्पविराम आणि सर्वनाम अशा दोन खुणा असल्या तर संदिग्धता कमीच होईल, आणि कायद्याच्या मसुद्यात तर ती हवीच. माझी हरकत दोन खुणांना नाही. एखाद्या प्रकाशनाने आपल्या शैलीसाठी हा नियम घेतला तर मीही तो पाळतो. पण कायद्यातली संदिग्धता बहुधा वेगळ्याच जागी असते. २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अपंगत्व-लाभाचा एक खटला आला. अर्ज करणारी स्त्री पूर्वी लिफ्ट चालवायची. ते काम तिला अजून जमलं असतं, पण ते काम देशात फारसं उरलंच नव्हतं. कायदा विचारत होता: पूर्वीचं काम जमत नाही ना, आणि देशाच्या अर्थव्यवस्थेत अस्तित्वात असलेलं दुसरं कुठलंही काम जमत नाही ना? 'अस्तित्वात असलेलं' हे 'विच'चं उपवाक्य पूर्वीच्या कामालाही लागू आहे का, एवढाच वाद होता. खालच्या न्यायालयाने हो म्हटलं. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने नाही म्हटलं, कारण उपवाक्य लगतच्या शब्दालाच लागतं. तिथे 'दॅट' असतं तरी वाद तसाच राहिला असता. उपवाक्य कुठे ठेवलं आहे, यावर तिचा लाभ अडला होता.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा: शिकणाऱ्याला ठाम नियम द्यायला हवा, कान नंतर तयार होतो. मान्य, मराठीभाषकांना तर तो द्यायलाच हवा, पण स्वल्पविरामाचा. 'जो पंप गेल्या आठवड्यात दुरुस्त केला, तो बंद पडला' हे आपलं वाक्य ओळख पटवणारं आहे आणि त्यात 'तो'च्या आधी आपण बिनदिक्कत स्वल्पविराम देतो. इंग्रजीत नेमका तिथेच तो चालत नाही. ही सवय घेऊन आपण 'द पंप विच वॉज रिपेअर्ड लास्ट वीक, हॅज स्टॉप्ड' लिहितो: एकच स्वल्पविराम, तोही कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये. या वाक्याचं 'दॅट' करून काहीच सुधारत नाही. विद्यार्थ्याला आधी विचारावं, पंप किती होते. मग दोन स्वल्पविराम द्यायचे की एकही नाही, ते त्याचं तो ठरवू शकतो.