कोणता पास?

"काका, तुमचा लॉट पास झाला," असं बियाणे कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलं आणि बाबांनी त्याच संध्याकाळी क्रॉसिंगच्या बायकांना उरलेल्या मजुरीचा वायदा करून टाकला. त्या एका शब्दाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

देऊळगाव राजा तालुक्यात शेडनेट नवं नाही. जालन्याच्या बियाणे कंपन्या जवळ, त्यामुळे टोमॅटो, मिरची, काकडीचे सीड प्लॉट बरेच जण घेतात. आमचा टोमॅटोचा होता. मादीची उद्या उमलणारी कळी आदल्या दिवशी उघडून पुंकेसर काढायचे, सकाळी नराचे पराग लावायचे, खुणेला फुलाची हिरवी पाती कातरायची. खूण नसलेलं फळ तोडून टाकायचं. हंगामभर हेच क्रॉसिंग.

फोनवरचा 'पास' उगवणीचा होता. प्रमाणित टोमॅटो बियाण्याला सरकारी मानकाप्रमाणे किमान ७० टक्के उगवण लागते, आमची त्याहून बरीच वर होती. पण पैसे अडकतात जीओटीवर, म्हणजे शुद्धतेच्या चाचणीवर. नमुन्याचं बी लावून झाडं वाढवतात आणि वेगळ्या वाणाची किती निघाली ते मोजतात. त्यात महिने जातात. शेवटी निरोप आला, लॉट फेल.

"अरे, पास म्हणला होतास ना?" बाबांनी विचारलं.

"काका, ते जर्मिनेशनला पास होतं."

बाबा पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले. आमच्या घरात पास म्हणजे दहावीचा निकाल. एकदा झाला की तो कुणी परत घेत नाही. बँकेत कर्ज पास झालं म्हणजे मंजूर, पंचायतीत बिल पास झालं म्हणजे पैसे येणार. मग बियाण्याचाच पास अर्धा कसा? नमुना कधी काढला, कुठं लावला, वेगळी झाडं कोणती निघाली, काहीच दाखवलं नाही. बायकांची मजुरी बाबांनी उसनवारी करून दिली.

माझं म्हणणं एवढंच, की करारात नुसता 'पास' लिहू नये. उगवण चाचणी आणि शुद्धता चाचणी वेगळ्या लिहाव्यात, मराठीत. नमुना शेतकऱ्यासमोर सील करावा, त्यातला एक भाग त्याच्याकडे ठेवावा. जीओटीचं शेत त्याला बघू द्यावं. प्लॉट घेणाऱ्यानंही कागद हातात येईपर्यंत कुणाला वायदा करू नये.

तो फोन करणारा मुलगा खोटं बोलला, असंही मला आता वाटत नाही. त्याच्या कामात तो शब्द तसाच वापरतात. आणि मी शाळेत गेले ती एसटीच्या मोफत पासावरच, तेव्हा हा शब्द मला किती प्रिय होता! लॉट फेल झाल्यावर बाबा म्हणाले, सोयाबीन लावू. मीच हट्टानं पुन्हा प्लॉट घ्यायला लावला, कारण एवढ्याशा रानात दुसरं कोणतंच पीक इतके पैसे देत नाही.