पाच रेघांचा गणपती

कपाळावरून निघालेली एक रेघ वळून सोंड होते. एक कानाची, एक पोटाची, एक दाताची आणि एक टिळ्याची. एवढ्यात तो पुरा होतो. त्याचा चित्रकार कोण, हे कुणाला ठाऊक नाही. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी डीटीपीच्या दुकानात जा, संगणकावर ‘गणपती’ नावाचं फोल्डर असतं आणि त्यात तो असतो. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर तोच, वास्तुशांतीला वाटायच्या मगवर तोच, मंडळाच्या टी-शर्टवर छातीच्या डाव्या बाजूला तोच.

घराणं जुनं आहे त्याचं. ट्रेडल मशीनच्या काळात छापखान्यात अक्षरांच्या खिळ्यांच्या पेट्यांशेजारी लाकडावर ठोकलेले जस्ताचे ब्लॉक असत. त्यांत गणपती हमखास असायचा. कंपोझिटर तो खिळ्यांबरोबर चौकटीत आवळायचा आणि पत्रिका छापून झाली की पुसून परत खणात ठेवायचा. १९८९ साली कोरलड्रॉ हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर आलं, ते हळूहळू आपल्याकडच्या दुकानांत रुजलं आणि खणातला गणपती पडद्यावर येऊन बसला.

पडद्यावर आला आणि त्याला दोन जन्म मिळाले. वेक्टरच्या जन्मात तो फार खंबीर. रेघ कुठून निघते, कुठे वळते, एवढंच त्याच्या फाइलीत लिहिलेलं असतं. म्हणून कमानीएवढा मोठा करा नाहीतर कीचेनएवढा लहान, सोंडेचा बाक तोच राहतो. पिक्सेलच्या जन्मात मात्र तो हळवा आहे. दहा जणांच्या मोबाइलमधून फिरत आलेलं चित्र जेमतेम ६०० पिक्सेल रुंद उरतं. मगची पट्टी ८ इंचांची. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल हवेत, म्हणजे २४००. इथे वाट्याला येतात ७५. मग सोंडेच्या कडेला पायऱ्या दिसू लागतात आणि ऑपरेटर म्हणतो, “फाटतोय हो हा.”

अशा वेळी बरेच जण ऑटो ट्रेस मारतात. संगणक कडा शोधत जातो, कानाभोवती शेकडो नोड, म्हणजे रेघ वळवणारे बिंदू, पेरतो, दात सोंडेला चिकटवून टाकतो. जाणता ऑपरेटर फाटलेलं चित्र खाली ठेवून त्यावर पेन टूलने रेघ नव्याने ओढतो. सोंडेच्या वळणाला मोजकेच नोड, आणि प्रत्येकाची वळण ठरवणारी दांडी हाताने ओढून बसवलेली. मला हे काम चित्रकाराच्या तोडीचं वाटतं. बिलात त्याची ओळ क्वचितच असते, ती असायला हवी.

जेपीजीतून आला तर तो पाठीमागे पांढरा चौकोन घेऊन येतो. पांढऱ्या मगवर तो चौकोन खपून जातो. भगव्या टी-शर्टवर डीटीएफने, म्हणजे फिल्मवर छापून कापडावर उतरवला की छातीवर चिठ्ठी डकवल्यासारखा दिसतो. म्हणून आधी मागची जमीन काढायची. रंगांचंही तसंच. पडद्यावर उजेडाने झळाळणारा भगवा चार शायांत उतरताना मंदावतो, त्यामुळे पडद्यावर विसंबून गिऱ्हाइकाला शब्द देऊ नये. आधी एक नमुना काढावा. बारीक रेघेचीही काळजी घ्यावी लागते. मोठ्या चित्रात शोभणारी जानव्याची रेघ कीचेनवर आली की गायबच होते. ती तिथे जाड करावी नाहीतर सरळ काढून टाकावी.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची फ्रेम वेगळी. कापड केसभर सरकलं तरी पिवळं पीतांबर आणि लाल शेला यांच्यामध्ये कापडाची फट डोकावते. ती झाकायला एक रंग दुसऱ्याखाली किंचित सरकवून ठेवतात.

त्याची खरी परीक्षा सब्लिमेशनला. कागदावर छापलेला रंग सुमारे २०० अंशांच्या उष्णतेत वायू होऊन मगच्या लेपात शिरतो. या शायांत पांढरी नसते. दाताचा शुभ्रपणा मगचा स्वतःचा असतो. कागद पालथा पडतो, म्हणून चित्र उलटं, मिरर करून छापावं लागतं. हे विसरलं तर अक्षरं लगेच ओरडतात. ‘शुभ विवाह’ उलटा दिसला की कुणालाही कळतं. पण अक्षर नसलेला गणपती गप्प राहतो. मग सुबक, छपाई स्वच्छ, आणि डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा झालेला. आपल्या घरांत ही गोष्ट लहान नाही. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं वेगळं, असं मानणारी माणसं घरोघरी आहेत. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा एकटा सिद्धटेकचा. मुंबईत प्रभादेवीचाही तसाच. ज्यांचं कुलदैवत सिद्धटेकचं, त्यांच्या मुंजीच्या मगवर डाव्या सोंडेचा येऊन चालणार नाही.

अजून एक. इंटरनेटवरून फुकट उतरवता येतो म्हणून तो विकायच्या वस्तूवर छापायला मोकळा असतोच असं नाही. कुणाच्या तरी हाताने तो काढलेला असतो. परवाना वाचावा, किंवा आपल्या गावातल्या एखाद्या मुलाकडून चार पैसे देऊन नवा काढून घ्यावा. पाचच रेघा आहेत, पण त्या ओढायला हात लागतो.

तुम्ही मग किंवा टी-शर्ट छापायला टाकणार असाल, तर मूळ फाइल मागून घ्या. सीडीआर, पीडीएफ किंवा एसव्हीजी. ती नसेलच तर चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून धाडू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि सोंड कुठल्या बाजूला हवी, ते दुकानदाराला आधीच तोंडाने सांगा.