हँगार्डचा मुंबईकर

वडाळ्याहून फाइव्ह गार्डन्सच्या कडेकडेने माटुंग्याकडे चालत निघालं, की रुइया कॉलेजच्या अंगाला ‘वेलिंगकर’ येतं. टॅक्सीवाल्याला एवढा एक शब्द सांगितला तरी पुरतो. ते नाव प्राचार्य वेलिंगकरांचं. रोज हजारो मुलांच्या तोंडात असतं. माझ्या मनात मात्र त्या पाटीपाशी दुसरा एक वेलिंगकर येऊन उभा राहतो. दोघांचं नातं मी जोडत नाही, आडनाव तेवढं एक. हा दुसरा श्रीकृष्ण. मुंबईचा मुलगा, केंब्रिजला शिकायला गेलेला. पहिल्या महायुद्धात तो लढाऊ विमानाचा वैमानिक झाला आणि ३० जून १९१८ रोजी फ्रान्समध्ये, शत्रूच्या ताब्यात असताना, जखमांनी गेला. विशीतला होता.

त्या युद्धात ब्रिटिश विमानदलातून लढलेल्या हिंदी वैमानिकांची नावं निघतात तेव्हा प्रामुख्याने चौघांची निघतात. रावळपिंडीचा हरदितसिंग मलिक, कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय आणि एरॉल चंदर सेन, आणि आपला श्रीकृष्ण वेलिंगकर. मलिक पगडीवर बसेल असं खास शिरस्त्राण घालून उडाला, पायात दोन गोळ्या घेऊन परतला आणि पुढे स्वतंत्र भारताचा फ्रान्समधला राजदूत झाला. सेन युद्धकैदी झाला, पण वाचला. रॉयने जुलै १९१८च्या दोन आठवड्यांत दहा विमानं पाडली आणि २२ जुलैला तो स्वतः पडला, एकोणीस वर्षांचा. त्याच्या थडग्यावर बंगाली अक्षरं आहेत आणि १९९८ साली त्याचं टपाल तिकीट निघालं. बंगालने आपलं पोर विसरू दिलं नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्या पोराचं आपण काय केलं, हा प्रश्न त्या आनंदाच्या पाठोपाठ येतोच.

वेलिंगकरचं विमान होतं सॉपविथ डॉल्फिन. फ्रान्समधल्या चारच स्क्वाड्रनना ते मिळालं, त्यांतली तेविसावी वेलिंगकरची. दोन पंखांच्या त्या विमानात वरचा पंख खालच्यापेक्षा मागे सरकवलेला होता आणि त्याच्या मधोमध नुसती उघडी चौकट होती. वैमानिकाचं डोकं त्या चौकटीतून वर निघायचं, जुन्या चाळीतल्या पोटमाळ्याच्या झडपेतून काढावं तसं. वरचं सगळं आकाश त्याच्या मालकीचं. लढाईत ज्याला वरचं दिसतं तो जगण्याची शक्यता जास्त, म्हणून ही रचना. पण हेच विमान उतरताना नाकावर आदळून उलटलं तर सगळ्यात आधी जमिनीला लागायची ती त्याच चौकटीतली मान. सुरुवातीला वैमानिक या विमानाला बिचकत असत, ते यामुळेच. पॅराशूट नव्हतंच. दोरखंडाने बांधलेल्या फुग्यांतून टेहळणी करणाऱ्यांना ते मिळे, ब्रिटिश विमानातल्या माणसाला मिळत नसे. लाकूड, कापड, तारा, पुढ्यात दोन मशीनगनी आणि दोनशे अश्वशक्तीचं इंजिन. मुंबईच्या दमट हवेत वाढलेला मुलगा त्या उघड्या चौकटीत डोकं काढून हजारो फुटांवरच्या थंडीत बसत होता, हे डोळ्यांसमोर आणायला मला अजूनही जड जातं.

आणि तिथवर पोचणं काय सोपं होतं? हिंदी माणसाला तेव्हा बादशाही सनदेचा अधिकारी जवळजवळ होताच येत नसे. मलिकला आधी नकारच मिळाला. ऑक्सफर्डच्या त्याच्या शिक्षकाने वरपर्यंत पत्र धाडलं तेव्हा दार किलकिलं झालं. १९१७ साली त्या फटीतून जे मोजके हिंदी तरुण आत शिरले, त्यांत वेलिंगकर होता.

इकडे मुंबईत नेमक्या याच गोष्टीवरून वादळ उठलं होतं. १० जून १९१८ला टाउन हॉलमध्ये, म्हणजे आपण आज ज्या एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसतो तिथे, गव्हर्नर विलिंग्डन यांनी युद्धपरिषद बोलावली. सरकारला माणसं हवी होती. टिळक बोलायला उठले. स्वराज्याचा मुद्दा येताच गव्हर्नरांनी त्यांना अडवलं आणि टिळक सभा सोडून निघून गेले. पुढे त्यांनी गांधीजींना पन्नास हजारांचा चेक पाठवला. हिंदी लोकांना सैन्यात अधिकाराच्या जागा मिळतील असं वचन सरकारकडून मिळवा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं उभी करतो; मी कमी पडलो तर ही रक्कम जप्त. गांधीजींनी चेक परत केला. टाउन हॉलमध्ये हे चाललं असताना जी जागा टिळक आपल्या पोरांसाठी मागत होते, त्या जागेवर मुंबईचा एक मुलगा फ्रान्समध्ये बसलेला होता. त्यानंतर सतरा दिवसांनी, २७ जूनला, तो गस्तीवर गेला आणि परतला नाही. यादीत त्याच्यापुढे ‘बेपत्ता’ असं लागलं.

वडाळ्यात राहणाऱ्या माणसाला हे युद्ध दूरचं वाटू नये. बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंतची पोर्ट ट्रस्टची रेल्वे १९१५ साली सुरू झाली, ऐन युद्धात. तेव्हा इथे मिठागरं, चिखल आणि विरळ वस्ती. त्याच्या वर्षभर आधी उघडलेली अलेक्झांड्रा गोदी, आजची इंदिरा गोदी, लगेच लष्कराच्या कामाला जुंपली गेली होती. मेसोपोटेमियाकडे जाणाऱ्या पलटणी मुंबईतूनच बोटीत चढत होत्या. देशभरातून दहा लाखांहून अधिक माणसं अशी समुद्रापार गेली आणि सुमारे चौऱ्याहत्तर हजार परतली नाहीत. मशीद बंदरच्या खलाशीगृहात समुद्रात गेलेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक आहे. आणि युद्धपरिषदेच्या त्याच १० जूनला मुंबईत सात पोलीस शिपाई वेगळ्याच तापाने फणफणून रुग्णालयात दाखल झाले होते. त्यांतला एक गोदीतल्या पहाऱ्यावरचा. इन्फ्लुएंझा शहरात शिरला होता. घरोघरी माणसं अंथरुणाला खिळलेली असताना, हजारो मैलांवरच्या एका ‘बेपत्ता’ मुलाच्या बातमीची वाट पाहणं कसं असेल?

बातमी लवकर लागणार नव्हती. जखमी वेलिंगकर जर्मनांच्या हाती लागला होता. तीन दिवसांनी तो गेला आणि त्यांनी त्याला रूव्ह्रुआ गावात पुरलं. शत्रूच्या माणसालाही त्यांनी क्रूस दिला, नाव दिलं. ते नाव मात्र झालं ‘एस. सी. वुमकर’. रोमन लिपीत घाईने लिहिलेलं ‘वेलिंकर’ मी कागदावर गिरवून पाहिलं. मधल्या अक्षरांचे दांडे एकमेकांना चिकटले, टिंब सुटलं, की सहज तसं वाचता येतं. वेलिंग हे गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं, लक्ष्मीनृसिंहाचं गाव. वेलिंगकर म्हणजे त्या गावचे. जर्मन कारकुनाच्या हातून नेमकं गाव पुसलं गेलं आणि ‘कर’ तेवढा शिल्लक राहिला. कुठला तरी आहे, कुठून तरी आलेला आहे, एवढंच. युद्ध संपल्यावरही शोध चालू राहिला, आणि वुमकर नावाखाली निजलेला माणूस वेलिंगकरच, हे १९२१ साली सिद्ध झालं. माणूस गेल्यावर तीन वर्षांनी त्याला त्याचं नाव परत मिळालं.

आता तो हँगार्डच्या लष्करी दफनभूमीत आहे, सोम नदीच्या प्रदेशात. त्याच्या थडग्यावरचा मजकूर इंग्रजीत आहे आणि त्यात त्याला साम्राज्याच्या शूरांतला शूर म्हटलं आहे. तो वाचताना मला अवघडल्यासारखं होतं, हे खरं. ज्या साम्राज्याने त्याच्या देशबांधवांना अधिकारी व्हायला नाकारलं, ज्याच्या गव्हर्नरने टिळकांना बोलू दिलं नाही, त्या साम्राज्याचा तो शूर? पण मुलगा गमावलेल्या घराच्या हाताशी तेव्हा गौरवाचे जे शब्द होते, त्यांतलेच ते आहेत. त्यांच्याशी मी भांडणार नाही. त्याचं शौर्य त्याचं स्वतःचं होतं. ते कुणाच्या खात्यात जमा झालं, यावरून ते कमी ठरत नाही. मला वाटतं, आपण त्याला विसरलो त्यामागे हीच अडचण असावी. स्वातंत्र्यलढ्याच्या गोष्टीत तो बसेना आणि साम्राज्याची गोष्ट आपली उरली नाही. दोन गोष्टींच्या मधल्या फटीत एक अख्खा मुलगा पडून गेला.

आषाढीला आमच्या वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरापुढे रांग लागते, ती कात्रक रोडवर लांबच लांब जाते. पंढरपूर ज्यांना गाठता येत नाही ते इथे येतात, आणि इथे टेकवलेला माथा तिथे पोचला असं मनापासून मानतात. त्या रांगेत उभी असताना एकदा मला सुचलं, की लांबच्या माणसाला जवळून हाक मारण्याची सवय आपल्या वस्तीला फार जुनी आहे. जूनअखेर ते आषाढ, दिवस तेच असतात. तेव्हापासून विठ्ठलाला हात जोडले की मी वेलिंगकरचंही नाव घेते, गावासकट.

दादर-माटुंग्यातून दर उन्हाळ्यात कितीतरी मंडळी युरोपच्या सहलीला जातात. पॅरिस होतंच. तिथल्या उत्तरेच्या स्टेशनावरून आमियाँला जाणारी गाडी सव्वा तासात पोचते. पुढे व्हिलेर-ब्रेतोनोच्या बाजूला हँगार्ड, दफनभूमी गावालगतच. तिथे सगळे दगड एकाच उंचीचे असतात, हुद्दा कोणताही असो, त्यामुळे नावं वाचत जावं लागेल. एक दिवस मोडेल. जाणार असाल तर जरूर जा, आणि त्याच्याशी मराठीत बोला.