दिल्लीची फेरी आणि हातांतली पिशवी

जो मनुष्य कामानिमित्त वारंवार प्रवास करितो, त्याला सामान भरण्याचें कसब आपोआप साधत असावें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. माझ्या बाबतींत ती साफ खोटी ठरली. पुण्याहून दिल्ली, नागपूर, हैदराबाद अशा फेऱ्या मीं वीस वर्षें केल्या. पण बॅग भरली ती प्रत्येक वेळीं सौ.नें. एकत्र कुटुंबांत हें काम कोणाचें, याचा निवाडा कधीं कोणी केला नव्हता; तें आपोआप बायकांकडे गेलें होतें. मी फक्त बॅग उचलून निघत असें.

गेल्या पौषांत एका निविदेसाठीं मूळ कागदपत्रें घेऊन मला दिल्लीस जावयाचें होतें. त्या दिवसांत तेथें पहांटे तापमान पांच-सहा अंशांपर्यंत उतरतें आणि धुक्यामुळें विमानांच्या वेळा कोलमडतात, म्हणून मी एक दिवस आधींच निघालों. इतकें शहाणपण मजजवळ होतें! देशांतल्या विमानांत हातांतल्या सामानास बहुधा ७ किलोंची मर्यादा असते. माझी पिशवी विमानतळावर जड भरली. तेव्हां मीं कागदांची जाड फाइल आणि लोकरी कोट मोठ्या बॅगेंत कोंबला व ती बॅग कंपनीच्या स्वाधीन केली. दिल्लीस सरकत्या पट्ट्यावर सर्वांच्या बॅगा आल्या. माझी आली नाहीं.

कुडकुडत मीं घरीं फोन केला आणि पहिलेंच वाक्य बोललों, "पिशवी इतकी जड कां भरलीस?"

क्षणभर पलीकडे कोणी बोललें नाहीं. मग सौ. म्हणाली, "मीं भरली तेव्हां फाइल सर्वांत वर होती. ते दोन जाडजूड ग्रंथ तुम्हीं रात्रीं मागाहून घातलेत. बरें, जेवलांत का?"

ग्रंथ माझ्या हातांतल्या पिशवींत सुखरूप होते! बॅग दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं हातीं आली. निविदेची मुदत दुपारींच टळली होती. काम गेलें, पण त्याहून माझें तें वाक्य मला अधिक बोंचलें. क्षमा मागण्याचा धीर परत आल्यावर चौथ्या दिवशीं झाला.

माझे आजोबा आगगाडीनें फिरत. वळकटी आणि फिरकीचा तांब्या ते खुशाल हमालाजवळ देत. पण दप्तर त्यांच्या काखेंतून कधीं सुटलें नाहीं. जें हरवलें असतां जाण्याचें कारणच नाहींसें होईल तें अंगावर, हा त्यांचा नियम. त्या नियमानें मीं स्वतः बॅग भरावयास शिकलों. कागद, चिठ्ठीसह औषधें, चष्मा, चार्जर आणि उद्यांचा एक सदरा हातांत. पॉवर बँक तर नियमानेंच मोठ्या बॅगेंत टाकतां येत नाहीं. जड कोट अंगावर घालावा, म्हणजे तो पिशवीच्या वजनांत धरला जात नाहीं. कागदांच्या प्रती फोनमध्यें असाव्यात, एक संच घरींहि ठेवावा. बॅग न आलीच तर विमानतळ सोडण्यापूर्वीं लेखी तक्रार देऊन तिचा क्रमांक घ्यावा. झाकणाच्या आंत मीं एक यादी चिकटविली आहे; ती निघतांना वाचावयाची आणि हॉटेल सोडतांना पुन्हां वाचावयाची, कारण चार्जर विसरतो तो परततांनाच. आणि घरीं आल्याबरोबर त्याच रात्रीं बॅग रिकामी करावयाची.

आतां मी भरतों आणि सौ. दारांत उभी राहून पाहते; सल्ला देत नाहीं. परवां नागपुरास निघतांना मीं पिशवी कांट्याला लावली. सहा किलोंच्या आंत भरली. तिनें डिंकाच्या लाडवांचा डबा पुढें केला आणि म्हणाली, "आतां ह्याला जागा आहे."